कोंबडीचा रस्सा आणि हौश्याचा कासरा

आमच्या गल्लीत सकाळ कोंबड्यानं होत नसे, दाळमिलच्या पट्ट्यानं होई. लातूरच्या आडत बाजारामागं आमचं घर आणि घराला लागूनच अप्पांची, म्हणजे माझ्या वडलांची, छोटी दाळमिल. मोटार सुरू झाली की पट्टा आधी दोन-चार वेळा फटफट करायचा, मग दिवसभर एकसारखी घरघर. त्या घरघरीत आम्ही झोपायचो, अभ्यास करायचो, भांडायचो, आणि वीज जाऊन ती बंद पडली की दचकून एकमेकांकडं बघायचो. तुरीच्या टरफलाचा पिवळट भुस्सा घरभर. घागरीवर फडकं, दुधावर झाकण, आणि माझ्या वेणीत कायम भुस्सा. अव्वा, माझी आई, सकाळी इष्टलिंगाची पूजा करून, विभूती लावून चुलीपुढं बसली की भाकरी थापायचा आवाज त्या घरघरीवरही वरचढ व्हायचा. ज्वारीची भाकरी, तुरीचं घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी आणि वरून करडईच्या तेलाची धार. आम्ही लिंगायत. मांस-मच्छी तर सोडाच, घरात अंड्याचं नावसुद्धा चालत नसे. माझा धाकटा भाऊ शाळेतून 'पृथ्वी अंडाकृती आहे' असं काहीतरी पाठ करत आला, तर अव्वा म्हणाली, "गुरुजीकडं दुसरा शब्द न्हाई का रे?"

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कोण तो तोरा! कोपऱ्यावरच्या न्हाव्यानंसुद्धा पाटी नवी रंगवून घेतली आणि दुकानाच्या नावाआधी 'जिल्हा' चिकटवलं. कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या जीपा आल्या. पाणी तेवढं आलं नाही. सलग दोन पावसाळे कोरडे गेले आणि नळाला आठवड्यातून एकदा, तेही करंगळीएवढं पाणी. "जिल्हा आला अन् पाणी गेलं," अव्वा टँकरच्या रांगेत घागर सरकवत म्हणायची, "नव्या नवरीचे पाय असले कसे गं माय?" बायका हसायच्या. मीही हसायचे. आता साठी उलटून गेल्यावर त्या रांगा आठवल्या की कंबर आधी दुखते आणि हसू नंतर येतं.

औशाकडं आमचं थोडं रान होतं आणि रानात हौश्या होता. हौश्या म्हणजे आमचा बैल, पांढराशुभ्र, डावं शिंग डोळ्यावर वाकलेलं. जोडीतला दुसरा पहिल्याच उन्हाळ्यात गेला. हौश्या उरला आणि अप्पांनी त्याला शहरात मिलच्या मागच्या छपरात आणून बांधला, तुरीच्या भुश्श्यावर जगवायला. अप्पा माणसांशी फार बोलत नसत. हौश्याशी मात्र बोलत. त्याला पाणी पाजताना तोंडातल्या तोंडात एक बारीक शीळ घालायचे, बैलाला पाणी पिताना घालतात ती, आणि ती ऐकल्याशिवाय तो बादलीला तोंड लावत नसे. शेवटी बादलीच मिळेना. आमच्या पिण्यातलं पाणी अप्पा त्याला पाजून राहिलेत हे अव्वाला कळलं, आणि तिनं काही म्हणायच्या आधीच अप्पांनी त्याला बाजारात नेला. मी संग गेले होते. घेणाऱ्यानं कासऱ्याला हात घातला, तसा अप्पांनी तो गळ्यातून सोडवून आपल्या हातात गुंडाळून घेतला. विकलेल्या जनावराचा दोर देत नाहीत आमच्यात. दोर गेला की गोठ्याची बरकत जाते. आणि दुसरी एक रीत, जी कुणी बोलून दाखवत नाही: घेणाऱ्याला 'कशाला नेतोस' म्हणून विचारायचं नाही. त्या दुष्काळात बैल कुणी नांगराला घेत नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पांनी विचारलं नाही. घरी येऊन कासरा मधल्या खोलीतल्या खुंटीला टांगला आणि दोन दिवस ते त्या खोलीत गेले नाहीत.

मिलमध्ये दाळ निवडायला ज्या बाया येत त्यात महबूबखाला होती. गल्लीच्या टोकालाच तिचं दोन खोल्यांचं घर, नवरा हातगाडी ओढायचा. तिची लेक शमीम माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आम्ही दोघी दाळीच्या ढिगावर लोळून वाढलो म्हटलं तरी चालेल. फरक एवढाच, की तिच्या घरी मी पाणीसुद्धा प्यायचं नाही असा अव्वाचा कायदा, आणि शमीमनं आमच्या घरी पोटभर जेवल्याशिवाय उठायचं नाही हाही अव्वाचाच कायदा. शमीमच्या घरी आठवड्यातून दोनदा मोठ्याचं शिजायचं. मोठ्याचं म्हणजे बैलाचं, म्हशीचं मांस. गरिबाघरी तेच परवडायचं. दुष्काळात तर जनावरं मातीमोल झालेली, त्यामुळं अजूनच. वास आला की मी नाकाला ओढणी लावायची आणि शमीम मला चिडवायची, "लागून गेली बघा बामणीण!" "बामणीण न्हाई, लिंगायत," मी म्हणायची. "तेच ते," ती म्हणायची, आणि आमची जुंपायची.

अठरा पुरी झाल्यावर तिचं लग्न झालं, नांदेडकडं, हिमायतनगरात. वर्षभरानं बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा एसटीतून उतरलेली बाई शमीम आहे हे मला क्षणभर कळलंच नाही. पोट तेवढं पुढं, बाकी सगळं आत. ओठ पांढरे, पापणी खाली ओढली की आतूनही पांढरी. चार पावलं चालली की धाप. मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "अंगात रक्त नाही हिच्या. बाळंतपणात थोडं जरी गेलं तरी हिला झेपायचं नाही. अजून तीन महिने आहेत हातात. गोळ्या घ्या. आणि अंडी, कोंबडी, मटण, जमेल ते खाऊ घाला." मी बाहेर येऊन भिंतीला टेकले. शमीमच म्हणाली, "चल गं, तू कामून रडून राहिलीस? रक्त मला न्हाई, तुला काय झालं?"

डॉक्टरनं सांगितलं 'जमेल ते'. पण आमच्या गल्लीनं ऐकलं एकच, कोंबडी. कोंबडी पाहुण्याला, कोंबडी जावयाला, कोंबडी आजाऱ्याला. मोठ्याचं हे काय कुणी दवाखान्याच्या नावानं शिजवतं? दुष्काळात कोंबड्याही राहिल्या नव्हत्या. ज्या होत्या त्यांचा भाव ऐकून खालाचं तोंड उतरलं. आणि मग एक आक्रीत घडलं. बाजारच्या दिवशी मिल सुटताना अप्पांनी खालाला थांबवलं, तिच्या हातावर नोटा ठेवल्या आणि दुसरीकडं बघत म्हणाले, "बी, पोरीला ते आणा."

"काय, अप्पा?"

"ते. डॉक्टर बोलले ते."

माझ्या अप्पांच्या तोंडून 'कोंबडी' हा शब्द निघणं शक्यच नव्हतं. जन्मात कांदाभजीच्या पलीकडं न गेलेला माणूस! पण दर बाजारी 'ते' न चुकता येऊ लागलं. अव्वाला ठाऊक होतं. तिनं त्यावर लिंबं पाठवायला सुरुवात केली, आणि शेंगदाण्याचे लाडू, आणि वर मला बजावलं, "मी लिंबं त्याच्यासाठी देऊन न्हाई राहिले, शरबतासाठी देऊन राहिले." मला त्या दिवसांत आमच्या घराचा इतका अभिमान वाटायचा, की मी चालताना जरा छाती काढूनच चालत असणार.

मी तेव्हा कॉलेजात गृहविज्ञानाला होते. शिकवायला गायकवाड मॅडम होत्या, नांदेडच्या, उंच, सावळ्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीत. नव्या जिल्ह्याचं पहिलं आहार प्रदर्शन भरणार होतं आणि प्रत्येक मुलीनं दोन पदार्थांची तुलना करून तक्ता लावायचा होता. वाटणी चिठ्ठ्या टाकून. कुणाला मेथी आणि चाकवत निघाली, कुणाला तूर आणि मूग. मी चिठ्ठी उघडली. 'कोंबडीचे मांस व मोठ्या जनावराचे मांस.' वर्ग खो खो हसला. "अगं शिवकन्ये, आता घरी नेऊन चाखून बघ!" मी रडवेली होऊन तास संपल्यावर मॅडमकडं गेले. म्हटलं, चिठ्ठी बदलून द्या, आमच्या घरी चालत नाही.

"खायला सांगितलंय का तुला? आकडे वाचायचेत. आकडे वाचून तोंड बाटतं का गं?"

"पण मॅडम, त्यात बघायचं काय? कोंबडीच चांगली असणार. सगळेच म्हणतात."

मॅडमनी पुस्तक मिटलं. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "माझी आई मोठ्याचंच रांधायची, शिवकन्या. कोंबडी आम्ही दुसऱ्याच्या अंगणात बघितली. जे खाऊन मी वाढले ते चांगलं का वाईट, हे मलाही पुस्तकातच कळलं. तू बघ आणि मला सांग." मला इतकी लाज वाटली, की मी पुस्तक घेतलं आणि 'थँक्यू मॅडम' म्हणायचंसुद्धा विसरले.

पुस्तकातले तक्ते मी शमीमच्या उशाशी बसूनच वाचले, कारण दुपारी मी तिथंच असायची. प्रथिनं पाहिली: दोन्हीकडं जवळपास सारखी. चरबी: कोंबडीत कमी, पचायला हलकी. हं, म्हटलं, बघा, आलीच की पुढं कोंबडी. मग लोहाचा रकाना आला. लोह म्हणजे रक्त बनवणारं, हे तर पहिल्याच धड्यात होतं. मी बोटानं ओळ धरून दोनदा पाहिलं. कोंबडीपेक्षा मोठ्याच्या मांसात लोह दुपटीहून जास्त. रक्ताला लागणारं एक जीवनसत्त्वही तिथंच जास्त. आणि खाली बारीक अक्षरात मांस उकळलेल्या पाण्याबद्दल एक ओळ होती: चव उतरते, लोह फारसं उतरत नाही, ते मांसातच राहतं.

मी मान वर केली तर समोर शमीम वाटीतून कोंबडीचा रस्सा पीत होती. नुसता रस्सा. फोडी खाली पातेल्यात, तिच्या अब्बासाठी आणि भावांसाठी. कलेजी सगळ्यांत धाकट्याला. यात कुणाची वाईट बुद्धी नव्हती हो! उलट खालाची समजूत अशी, की सगळा कस शोरब्यात उतरतो आणि फोडी म्हणजे नुसता चोथा. म्हणून उत्तमातलं उत्तम ती लेकीला देत होती आणि चोथा बाकीच्यांना. मी विचारलं, "खाला, मोठ्याचं हल्ली करत न्हाई का तुम्ही?"

"नक्को रे बाबा," खालानं कानाला हात लावला. "दीड महिना झाला, चुलीवर चढवलं न्हाई. अप्पांच्या पैशाची मुर्गी ज्या चुलीवर शिजती, त्याच चुलीवर बडे का कसं शिजवू? देवमाणूस हाय तो. त्याला कळलं तर काय वाटंल?"

म्हणजे शमीमला माहेरी आठवड्यातून दोनदा जे मिळालं असतं, रक्ताला लागणारं, ते आमच्या मानासाठी बंद झालं होतं. आणि त्याच्या जागी तिला मिळत होतं पिवळं, खमंग, कोमट पाणी. गोळ्यांनी ओकारी होते म्हणून त्या तर ती उशीखाली सारत होती. दीड महिना गेला होता, दीड महिना हातात होता. आणि सांगणार कोण? मी? खालाला सांगावं, तर ती अप्पांचा शब्द असल्याशिवाय ऐकणार नाही. अप्पांना सांगावं, तर काय म्हणून सांगावं? 'अप्पा, ते बंद करा आणि बैलाचं चालू होऊ द्या'? ज्यांनी खुंटीवरचा कासरा दिसू नये म्हणून खोली टाळली त्यांना? मी तोंडाला कुलूप लावून घरी आले. भांडकुदळ म्हणून गल्लीत नाव होतं माझं, आणि बोलायची वेळ आली तेव्हा दातखीळ बसली. प्रदर्शनापर्यंतचे ते आठ दिवस मी आजही स्वतःला माफ केलेले नाहीत.

तक्ता तेवढा करत राहिले. पुठ्ठ्यावर दोन चित्रं काढायची होती, वर कोंबडी, खाली जनावर. कोंबडी कशीबशी काढली, कबुतरासारखी दिसत होती. जनावर मात्र हात आपोआप काढत गेला. अव्वा भाकरी थापताना मागून डोकावली आणि म्हणाली, "बैल लई देखणा काढलास गं. पोळ्याचं चित्र का?" मी 'हाव' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? कोंबडीकडं बघून ती म्हणाली, "अन् हे पारवं कशाला?"

प्रदर्शनाला अप्पा येणार नाहीत असं मी धरून चालले होते. मिल सोडून ते लग्नालासुद्धा जात नसत. पण आले. धुतलेलं धोतर, कपाळाला विभूती, आणि संग आडतीतले दोन शेठ, 'आमच्या पोरीनं जिल्ह्यात तक्ता लावलाय' म्हणून मुद्दाम आणलेले. मला दुरून दिसले आणि वाटलं, धरणीमाय, पोटात घे. मेथी-चाकवत बघून, तूर-मूग बघून ते माझ्यापुढं आले. एका शेठनं मथळा वाचला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "अप्पा, हे काय वो? पोरगी हे शिकून राहिली का?"

अप्पा मथळा वाचत नव्हते. ते चित्राकडं बघत होते. आणि तेव्हा, त्या क्षणी, मला कळलं मी काय करून बसले ते. डावं शिंग डोळ्यावर वाकलेलं. गळ्यात गोंड्याचा कासरा. मी हौश्या काढला होता. जगात दुसरा बैल मला काढताच येत नव्हता, आणि मी आमचा हौश्या काढून त्याच्याखाली 'मांसातील लोह' असं लिहून ठेवलं होतं.

शेठ निघून गेले. अप्पा उभेच. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि तक्ता वाचायला लागले, बाजारात मालाची पावती वाचावी तसा, एकेक ओळ बोटानं धरून. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. तिथं मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'रश्श्यात लोह उतरत नाही. रोग्यास फोडी द्याव्यात.'

"शिऊ, हे खरं हाय?"

"हाव अप्पा."

"शमीम काय खाती?"

"रस्सा."

"अन् पयलं जे खात होते ते?"

मला रडू फुटलं. भर प्रदर्शनात, साहेबांच्या बायका बघत असताना मी गळा काढला आणि सगळं सांगून टाकलं. तुमच्यासाठी बंद केलंय खालानं, तुमच्या मानासाठी, आणि आठ दिवस झाले मला माहीत होऊन, अप्पा, मी बोलले नाही. गायकवाड मॅडम आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. अप्पांनी त्यांना नमस्कार केला. म्हणाले, "बाई, पोरीनं खरं लिहिलंय. चित्र मात्र लई खरं काढलंय." आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत निघून गेले.

त्या दिवशी ते घरी जेवले नाहीत. अव्वानं मला खोदून खोदून विचारलं, मी तिलाही सगळं सांगितलं. वाटलं, आता लाटणं बसणार पाठीत. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "चाक उलटं फिरलं की गं आपल्या हातानं. पुण्य करायला गेलो अन् पोरीचं रक्त आटवलं." दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा सुरू व्हायच्या आधी अप्पा मला घेऊन खालाच्या दारात गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खाला गडबडली, पदर सावरत खाट झटकायला लागली. अप्पा उंबऱ्यातच उभे राहिले.

"बी, ते बंद करा."

खालाचं तोंड पांढरं पडलं. तिला वाटलं, काही चुकलं. अप्पा घसा खाकरून म्हणाले, "कोंबडी, कोंबडी म्हणून राहिलो मी." जन्मात पहिल्यांदा तो शब्द बोलले ते. "तिच्यानं काय होत न्हाई इतकं. तुम्ही पयलं जे शिजवत होते ते शिजवा. पोरीला फोडी घाला, रस्सा बाकीच्यांना. माझी पोर शिकलीय त्यातलं. पैसे मी देतो तेच. काय आणलं ते मी इचारणार न्हाई, अन् माझ्यासाठी चूल बाटली असं मनात आणायचं न्हाई. आण हाय तुम्हाला."

खाला रडायला लागली. "अप्पा, तुमचा धरम..."

"माझा धरम माझ्या ताटात हाय, बी. पोरीच्या ताटात पोरीचा जीव हाय."

मग मी शेर झाले. भांडकुदळ तोंड परत आलं. गोळ्या उशीखाली सापडल्या की शमीमला फैलावर घ्यायची. जेवणानंतर, लिंबाच्या शरबतासंग, माझ्या डोळ्यांदेखत गिळायच्या. जेवल्यावर लगेच चहा बंद, कारण चहा लोह अंगाला लागू देत नाही. फोडी बारीक करून, नीट शिजवून. कलेजी आठवड्यातून एकदाच आणि थोडीच, असं मॅडमनी बजावलेलं. खालाच्या घरात त्या वासात मी बसायची, आधी ओढणी नाकाला लावून, मग नुसती. शमीम फोड तोंडात टाकून माझ्याकडं बघायची आणि म्हणायची, "काय गं बामणीण, मोजून राहिलीस का?" मी म्हणायची, "हाव, मोजून राहिलेय. अजून दोन." शेवटच्या महिन्यात तिची पापणी मी रोज खाली ओढून बघत असे. एका सकाळी ती पापणी मला गुलाबी दिसली. आधी वाटलं ऊन पडलंय. तिला सावलीत नेऊन पुन्हा बघितली आणि तिथंच तिचा मुका घेतला.

पुढं मी किनवटच्या आश्रमशाळांमधून आहाराचंच काम केलं, नोकरीभर. कुणाच्या घरात काय खातात ते आधी विचारायचं आणि मगच तोंड उघडायचं, एवढं एकच शहाणपण मी संग नेलं होतं. कोंबडी वाईट आहे असं मी कधी म्हटलं नाही. ताप असला, पोट नाजूक असलं, तर तीच बरी. पण 'कोंबडीचा रस पाजा' असं कुणी म्हटलं की मी आजही विचारते, फोडी कोण खातं घरात? आता कायदे बदलले, बैलाचं बंद झालं, त्यावरून लोक टीव्हीवर एकमेकांच्या उरावर बसतात. त्या भांडणात मला पडायचं नाही. मला फक्त एका मुलीची पापणी आठवते.

शमीम बाळंत झाली. रक्त गेलं, पुष्कळ गेलं. खाला दवाखान्याच्या पायरीवर तसबीचे मणी ओढत होती आणि अव्वा तिच्याशेजारी बसून जप करत होती. डॉक्टर बाहेर आला, घाम पुसला आणि म्हणाला, "महिनाभरापूर्वीसारखी असती तर वाचेल असं मी सांगू शकलो नसतो." मुलगी झाली होती. अव्वा उठली. दवाखान्याच्या नळाला चक्क पाणी आलं होतं. तिनं आपल्या हातांनी खालाला पाणी पाजलं, तिच्याच तांब्यानं, आणि उरलेलं स्वतः प्याली. कायदा कुठं गेला, तिलाच ठाऊक.

सहाव्या दिवशी आम्ही सगळे खालाच्या घरी गेलो. झोळी बांधायची होती. साडी होती, आढ्याला कडी होती, दोर पाहिजे होता. अप्पांनी बगलेतली पिशवी उघडली आणि हौश्याचा कासरा काढला. धुऊन, उन्हात वाळवून, मऊ केलेला. गोंडा तेवढा काढून ठेवलेला. खाला मागं सरली. "अप्पा, हा नक्को. बरकत हाय ही तुमच्या गोठ्याची."

"गोठा राह्यला कुठं, बी? असू द्या. मजबूत हाय. बैल झेललाय त्यानं, पोर काय जड हाय का?"

त्यांनी स्वतः खाटेवर चढून कडीत दोर ओवला, दोनदा ओढून पाहिला. शमीमनं पोरगी झोळीत ठेवली. तिच्या गालावर तेव्हा रंग होता, चांगला लाल. अप्पा तिच्याकडं बघत होते, मग बाळाकडं. आणि मग ते बोलले, कुणी विचारलं नसताना, हलक्या आवाजात, जे त्यांनी बाजारात विचारलं नव्हतं त्याचं उत्तर दिल्यासारखं.

"माझा हौश्या कुठं गेला, मला ठाऊक न्हाई. आजवर लई डाचत होतं. आता मी समजतो, इथं आला."

शमीम मान खाली घालून रडत होती. पोरगी जागी झाली आणि तिनं तोंड वेडंवाकडं केलं. अप्पांनी कासऱ्याला हात लावून झोळीला एक झोका दिला, आणि तोंडातल्या तोंडात ती बारीक शीळ घातली, हौश्याला पाणी पाजताना घालायचे ती.